एक आसिया की दोन? मुस्लीम बाळाचं नाव ठरवताना

भाचीचा मेसेज आला तेव्हा तिची मुलगी दोन दिवसांची होती. ‘मामू, आसिया ठेवतोय. पण एका साइटवर अर्थ दिलाय आधार देणारी आणि दुसरीवर आज्ञा मोडणारी. कुठली साइट खोटी?’

दोन्ही खऱ्या. अरबीत ही दोन निराळी नावं आहेत, आपल्या लिपीत आली की दोन्हींचं आसिया होतं. पहिलं अलिफ आणि सीन या अक्षरांचं. ते फिरऔनच्या, म्हणजे मूसांच्या काळातल्या इजिप्तच्या राजाच्या, पत्नीचं नाव. कुरआनात तिचा उल्लेख नुसता ‘फिरऔनची पत्नी’ असा येतो, आसिया हे नाव हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतून, कळतं. जुलमी राजाच्या घरात राहून जिने आपली श्रद्धा सोडली नाही, ती ही बाई. दुसरं आसिया ऐन आणि साद या अक्षरांचं. ऐन घशाच्या खालून येतो, साद जड, तोंड भरून. त्याचा अर्थ अवज्ञा करणारी. पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांच्या मुलीचं हेच नाव होतं. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ते बदलून जमीला, म्हणजे सुंदर, असं ठेवलं. ही नोंद ‘सहीह मुस्लिम’ या हदीसच्या संग्रहात आहे.

तर एक नाव आदराचं आणि दुसरं खुद्द पैगंबरांनी बदललेलं. कागदावर देवनागरीत दोन्ही सारखीच.

इस्लाममध्ये बाळाच्या नावाचे नियम फार अवघड असतील असं पुष्कळांना वाटतं. माझ्या अनुभवाने मनाई अगदी थोडी आहे. जे डोकं खायचं ते शब्द नक्की कोणता, हे शोधण्यात. आणि ते काम नेटवरच्या ‘गोंडस नावं व अर्थ’ छापाच्या याद्या करत नाहीत.

पैगंबरांनी कुठली नावं बदलली

नियम पाठ करण्यापेक्षा हे किस्से बघावेत, त्यात सगळं येतं.

‘हझ्न’ नावाचे एक गृहस्थ पैगंबरांकडे आले. हझ्न म्हणजे खडबडीत, टणक जमीन. पैगंबर म्हणाले, तुम्ही सहल. सहल म्हणजे सपाट, सोपी जमीन. त्यावर हे म्हणाले, वडिलांनी ठेवलेलं नाव मी बदलणार नाही. विषय तिथेच संपला, सक्ती झाली नाही. पुढे त्यांचे नातू सईद इब्न मुसय्यब, स्वतः मोठे विद्वान, सांगायचे की तेव्हापासून आमच्या घराण्यात तो खडबडीतपणा राहून गेला. ‘सहीह बुखारी’त हे त्यांच्याच तोंडून आलेलं आहे.

सहलच्याच धातूतलं दुसरं नाव सुहैल. हुदैबियाच्या तहाच्या वेळी, 628 साली, मक्केकडून बोलणी करायला सुहैल इब्न अम्र आले, तेव्हा पैगंबर साथीदारांना म्हणाले, तुमचं काम आता सोपं झालं. नावातून अपशकुन काढणं त्यांना मान्य नव्हतं. चांगलं नाव ऐकून मन हलकं होणं मात्र त्यांना आवडायचं. हा फरक बारीक आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा. पुढे भाचीच्या सासूबाईंच्या बाबतीत तो उपयोगी पडला.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. बर्रा म्हणजे पुण्यशील. अर्थात काही खोट नाही. तरी पैगंबरांनी बर्रा नावाच्या एकीहून अधिक स्त्रियांची नावं बदलली. एक झाल्या झैनब, एक जुवैरिया. कारण दोन सांगितली आहेत. एक, स्वतःला पवित्र म्हणवून घेऊ नका, कोण पुण्यवान हे अल्लाहला ठाऊक. दुसरं जास्त घरगुती: ‘ते बर्राकडून निघून गेले’ असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ ‘पुण्याला सोडून गेले’ असाही लागायचा, ते त्यांना बरं वाटत नसे.

म्हणजे अर्थ चांगला असणं पुरेसं नाही. फार चांगला असणं हीही अडचण ठरू शकते. 13 व्या शतकातले इमाम नववी यांना लोक मुहियुद्दीन, म्हणजे धर्माला संजीवनी देणारा, म्हणायचे. चरित्रकार सांगतात की त्यांना ते अजिबात रुचत नसे. तरीही ‘उद्दीन’ लावलेली नावं जगभर आहेत आणि ती हराम आहेत असं कुणी सहसा म्हणत नाही. पण नाव निवडताना पोरावर केवढा बोजा टाकतोय हे बघायला काय हरकत आहे?

याच चालीवरची एक हदीस मला फार आवडते. रबाह, यसार, अफलह अशी नावं ठेवू नका, असं सांगणारी. रबाह म्हणजे नफा, यसार म्हणजे सुबत्ता, अफलह म्हणजे यशस्वी. का नको? तर कुणी दारात येऊन विचारणार, ‘नफा आहे का घरात?’ आणि आतून उत्तर येणार, ‘नाही.’ बस, एवढंच कारण. यात शाप नाही, पाप नाही. रोजच्या बोलण्यात शब्द कसा वाजेल याची काळजी आहे. पैगंबरांचे साथीदार हजरत जाबिर सांगतात की पैगंबरांच्या मनात अशा नावांना पक्की मनाई करायचं होतं, पण नंतर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या सेवकाचं नाव रबाह होतं. म्हणून बहुतेक विद्वान याला नापसंती म्हणतात, बंदी म्हणत नाहीत.

जे खरोखर नको

पक्की मनाई तीनेक गोष्टींना.

एक, अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाचं दास्य सांगणारं नाव. अब्द म्हणजे दास, बंदा. इस्लामपूर्व अरबस्तानात अब्द शम्स म्हणजे सूर्याचा दास, अब्दुल उझ्झा म्हणजे उझ्झा देवीचा दास, अशी नावं सर्रास होती. पैगंबरांचे ज्येष्ठ साथीदार अब्दुर्रहमान इब्न औफ यांचं आधीचं नाव अब्द अम्र होतं. 11 व्या शतकातले स्पेनचे विद्वान इब्न हझ्म लिहितात की अशी नावं निषिद्ध असण्यावर सगळ्यांचं एकमत आहे, अपवाद फक्त अब्दुल मुत्तलिब. ते पैगंबरांच्या आजोबांचं नाव. अब्दुन्नबी, अब्दुर्रसूल या नावांवरून मात्र वाद आहे. ठेवणारे म्हणतात, इथे अब्द म्हणजे सेवक, पूजक नव्हे. विरोध करणारे म्हणतात, शब्द तोच आहे. हजारो नावं समोर असताना वादातलंच नाव का उचलावं, हे मला समजत नाही. पण ज्यांच्या घरात आजोबांचं नाव तसं आहे त्यांच्याशी भांडायलाही मी जाणार नाही.

दोन, जी विशेषणं फक्त अल्लाहची आहेत ती माणसाला एकटी लावणं. रहमान, खालिक म्हणजे निर्माता, रज्जाक म्हणजे अन्नदाता, कुद्दूस म्हणजे परमपवित्र. यांच्याआधी अब्द हवंच. पण अल्लाहचं प्रत्येक नाव असं राखीव नाही. रऊफ आणि रहीम हे दोन्ही शब्द कुरआनात पैगंबरांसाठी आले आहेत (9:128, म्हणजे 9 वी सूरा किंवा अध्याय, 128 वी आयत किंवा वचन). इब्राहीम यांना हलीम म्हटलं आहे. यूसुफ राजाला सांगतात की मी हफीझ आहे, अलीम आहे. म्हणजे जपणारा, जाणकार. त्यामुळे मुलाचं नाव रहीम किंवा करीम ठेवलं तर चालतं, नुसतं रहमान ठेवलं तर नाही.

तीन, राजांचा राजा. ‘मलिकुल अमलाक’ हे अल्लाहच्या लेखी सर्वांत हीन नाव, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ती सांगणारे सुफ्यान यांनी फारसी उदाहरण देऊन ठेवलंय: शाहानशाह.

यात चौथी गोष्ट जोडायची तर ज्यांचं नाव घेताच वाईट आठवतं अशी माणसं. फिरऔन, हामान, कारून. ही सगळी नावं कुरआनात आहेत, हे मी मुद्दाम सांगतोय.

नुसतं ‘अब्दुल’ म्हणजे काय?

इथे थोडं थांबतो, कारण ही चूक रोज दिसते.

अब्द म्हणजे दास. अल हे अरबीत नामाआधी लागणारं उपपद. अब्दु आणि अल मिळून अब्दुल. पुढे कादिर आलं तर अब्दुल कादिर, सर्वशक्तिमानाचा दास. म्हणजे नुसतं ‘अब्दुल’ हे नावच नाही. मराठीत ‘रामदास’मधला राम काढून ‘दास’ हाक मारली तरी शब्द पुरा होतो. अब्दुलचं त्याहून वाईट आहे, तो ‘च्याचा दास’ असा लटकलेला तुकडा आहे.

पुढे र, स, न, द अशी काही अक्षरं आली की अलमधला ल त्यांच्यात विरघळतो. म्हणून अब्दुल रहमान लिहिलं तरी उच्चार अब्दुर्रहमान, तसंच अब्दुस्समद, अब्दुन्नासिर. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 अशी विरघळवणारी आहेत. त्यांना सूर्याक्षरं म्हणतात. उरलेली 14 चंद्राक्षरं, त्यांच्यापुढे ल जसाच्या तसा राहतो.

आता फॉर्मवर काय होतं? नावाच्या रकान्यात ‘अब्दुल’, आडनावाच्या रकान्यात ‘रहमान’. शाळेत हजेरीला अब्दुल, ऑफिसात मिस्टर रहमान. एक तुकडा लटकलेला आणि दुसरा तोच जो एकट्याने माणसाला लावायचा नाही. म्हणून अशी नावं जोडून एका शब्दात लिहावीत: अब्दुर्रहमान, अब्दुल्लाह. लॅटिन लिपीतही जोडूनच. घरात लाडाने काय म्हणायचं हेही आधीच ठरवलेलं बरं, नाहीतर ‘ए रहमान, चप्पल घाल’ हे ठरलेलंच.

आणि हो, अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही दोन नावं अल्लाहला सर्वांत प्रिय, अशी हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. दुसरं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: ‘ज्यात हम्द किंवा अब्द आहे ती नावं उत्तम.’ हे वाक्य हदीस म्हणून सांगितलं जातं, पण हदीसच्या जाणकारांना त्याला आधार सापडलेला नाही.

कुरआनात आहे म्हणून?

भाचीने तिसऱ्या दिवशी यादी पाठवली. आसियाचं जमलं नाही तर म्हणून. त्यात इक्रा होतं, अबीहा होतं, झानिया होतं. ‘सगळी कुरआनातली किंवा हदीसमधली आहेत, मी बघून घेतलंय.’

इक्रा म्हणजे ‘वाच!’ कुरआनाचा जो भाग सर्वांत आधी उतरला त्यातला पहिला शब्द, म्हणून त्याबद्दल माया असणं साहजिक आहे. पण ते आज्ञार्थी क्रियापद आहे. अरबी बोलणाऱ्या माणसासमोर तुमची मुलगी ‘माझं नाव वाच’ असं सांगणार. पाप नाही, जरा विचित्र आहे इतकंच. अबीहा तर अख्खा शब्दही नाही, ‘तिच्या वडिलांचा’ या शब्दाचं विभक्तीतलं रूप. हजरत फातिमा यांना ‘उम्म अबीहा’, आपल्या वडिलांची आई, असं कौतुकाने म्हणत. त्यातला ‘आई’ गळून ‘तिच्या वडिलांचा’ एवढंच उरलं आणि ते नाव झालं.

झानियाजवळ मी थबकलो. तो शब्द 24 व्या सूरेत आहे खरा. अर्थ व्यभिचारिणी. शिक्षेची आयत आहे ती. हे भाचीला मेसेजमध्ये लिहिण्यापेक्षा फोन करून सांगितलं.

कुरआनात असणं हा काही दाखला नव्हे. डुकराचा उल्लेखही आहे, इब्लीसचाही आहे. सहाव्या सूरेचं नाव अनआम, म्हणजे गुरंढोरं. एक मात्रा इकडची तिकडे झाली की इनआम, बक्षीस. आपल्या मराठीतलं इनाम तेच. ताहा आणि यासीन ही सूरांच्या सुरुवातीची सुटी अक्षरं आहेत. अशा अक्षरांनी 29 सूरा सुरू होतात. 14 व्या शतकातले इब्न कय्यिम यांना ती नावं म्हणून पसंत नव्हती, पण अनेक पिढ्यांनी ती आनंदाने ठेवली आहेत.

आता याचीच उलटी बाजू. नेटवर खदीजाचा अर्थ शोधलात तर ‘आदर्श पत्नी’, ‘श्रद्धावान’ असं काहीबाही मिळेल. कोशातला अर्थ आहे दिवस भरण्याआधी जन्मलेली. फातिमा म्हणजे अंगावरचं दूध तोडणारी. उस्मान म्हणजे माळढोकाच्या कुळातल्या एका पक्ष्याचं पिल्लू. सापाचं पिल्लू असाही अर्थ कोशांत आहे. तल्हा हे बाभळीच्या जातीचं काटेरी झाड. हंझला म्हणजे कडू इंद्रावण. उहुदच्या लढाईत मारले गेलेले हंझला, ज्यांना फरिश्त्यांनी अंघोळ घातली असं मानतात, त्यांचं नाव कडू फळाचं होतं आणि ते पैगंबरांनी बदललं नाही. खदीजा, फातिमा, उस्मान यांपैकी कुणाचंच बदललं नाही.

कारण नाव दोन वाटांनी येतं. एक वाट शब्दार्थाची, दुसरी माणसाची. फातिमा हे नाव ठेवणारे आईबाप दूध तोडण्याचा विचार करत नाहीत, पैगंबरांच्या लेकीचा करतात. येशूची आई मरियम हिला कुरआनात ‘हारूनची बहीण’ म्हटलंय. मूसांचा भाऊ हारून तर कितीतरी आधीचा, मग हा कोणता हारून, असं नजरानच्या लोकांनी विचारलं तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की ते लोक आपल्या आधीच्या पैगंबरांची आणि सज्जनांची नावं ठेवत असत. त्यांनी स्वतःच्या मुलाचं नाव ठेवताना सांगितलं, ‘रात्री मला मुलगा झाला, माझे वडील (म्हणजे पूर्वज) इब्राहीम यांचं नाव मी त्याला दिलं.’

माणसाची ही वाट नाव बुडवतेही. यझीदचा अर्थ वाढत जाणारा, अगदी शुभ. पैगंबरांच्या साथीदारांत यझीद नावाची माणसं होती, सीरियाच्या मोहिमेचे एक सेनापती यझीद इब्न अबी सुफ्यान त्यांतलेच. 680 साली दुसऱ्या एका यझीदच्या, खलीफाच्या, सैन्याने करबलात पैगंबरांचे नातू हुसैन यांना मारलं आणि त्यानंतर ते नाव मुलाला द्यायला फार थोड्यांची जीभ वळली. शब्दार्थ आजही तोच आहे.

अरबीच हवं का?

भाचीच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, नाव अरबीच पाहिजे. हा समज इतका पसरलाय की त्याला उत्तर द्यायला मी नेहमी कुरआनातल्याच नावांपासून सुरुवात करतो. इब्राहीम, इस्माईल, मूसा, मरियम ही नावं अरबीत बाहेरून आलेली आहेत. अरबी व्याकरणही त्यांना परकी नावं म्हणून वेगळे नियम लावतं. फिरोज, शिरीन, परवीन फारसी. अर्सलान तुर्की, अर्थ सिंह. इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो मुस्लीम होते आणि त्यांच्या नावात महाभारतातला कर्ण आहे. त्यांची मुलगी, तीही पुढे अध्यक्ष झाली, मेगावती. आपल्या कानाला ती मेघवतीच.

इस्लाम स्वीकारणाऱ्यालाही नाव बदलावंच लागतं असं नाही. उमर, खालिद, हमझा ही सगळी इस्लामच्या आधी ठेवलेली नावं. ती तशीच राहिली. बदललं ते फक्त ज्यात दुसऱ्या देवाचं दास्य होतं किंवा अर्थ बोचणारा होता.

एक गंमत इथेच सांगतो. नावाच्या शेवटी आ आला की आपल्याला ते मुलीचं वाटतं. हमझा, तल्हा, उसामा हे तिघेही पुरुष. आणि हिंद, झैनब, मरियम या बायका.

तीन जलील

आता पुन्हा लिपीकडे, कारण मराठी वाचकाचा खरा घोळ इथेच आहे. अरबीत जीम हे एक अक्षर, आणि झाल, झे, झ्वाद, झोय ही आणखी चार. मराठीत या पाचांना मिळून आपल्याकडे ज आणि झ. त्यातही आपला ज दोन तऱ्हांनी उच्चारला जातो, जनतेतला वेगळा आणि जगातला वेगळा, आणि लिहिताना ते कळत नाही. उर्दू-हिंदीवाले अक्षराखाली टिंब देतात, मराठीत ती पद्धत नाही. तीच गत स, ह, क आणि अ यांची.

मी भाचीसाठी एका पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं होतं. जलील, जीमने सुरू होणारा: थोर, वैभवशाली. अब्दुल जलील यातला. जलील, झालने सुरू होणारा: हीन, अपमानित. ‘जलील करणं’ म्हणतात तो हा. जलील, झोयने सुरू होणारा: दाट सावलीचा, कुरआनात स्वर्गातल्या सावलीचं वर्णन याच शब्दाने आहे. तीन शब्द, थोर, हीन आणि सावली, आणि पाकिटावर तीनदा एकच जलील.

अलीमचंही तसंच. ऐनने सुरू झाला तर जाणकार, अलिफने सुरू झाला तर वेदना देणारा. ‘अजाबुन अलीम’, यातनामय शिक्षा, यातला. कल्ब घशातल्या काफने म्हटला तर हृदय, साध्या क ने म्हटला तर कुत्रा. हामिद एका ह ने स्तुती करणारा, दुसऱ्या ह ने निर्जीव, ओसाड.

म्हणून घाबरायचं का? नाही. जलील किंवा अलीम नाव असलेल्या माणसाचा चुकीचा अर्थ कुणी घेत नाही. नाव कुठून आलं ते सगळ्यांना माहीत असतं. पंचाईत होते ती अनोळखी, नवीन नावात, जिथे साइटवरच्या अर्थाशिवाय हाताशी काही नसतं. अशा वेळी अरबी लिपीत नाव कसं लिहितात ते विचारा. अक्षरं कळली की मूळ धातू कळतो, बहुतेक तीन अक्षरांचा. ह-म-द म्हणजे स्तुती. त्यातून मुहम्मद, अहमद, महमूद, हामिद, हमीद, हम्माद. स-ल-म म्हणजे शांती, सुरक्षितता. त्यातून सालिम, सलमा, सुलैम, आणि खुद्द इस्लाम. एखाद्या नावाला असं घरच सापडलं नाही, तर ते दुसऱ्या भाषेचं असेल किंवा कुणीतरी कानाला गोड म्हणून जुळवलेलं. जुळवलेलं नाव ठेवणं हराम नाही, पण त्यापुढे ‘अर्थ: स्वर्गातलं फूल’ असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका.

कधी, कुणी आणि ‘नाव जड गेलं’

वेळेबद्दल फार ताण घ्यायचं कारण नाही. जन्माच्या दिवशीही ठेवता येतं, इब्राहीमचं तसंच ठेवलं होतं. सातव्या दिवशी अकीका (बाळासाठीची कुर्बानी), जावळ आणि नाव, अशी हदीस अबू दाऊद, तिर्मिझी वगैरे संग्रहांत आहे. तारखेवरून आकडे मांडून किंवा अक्षर काढून नाव ठेवायला धर्मात काही आधार नाही.

कुणी ठेवायचं? आईबापांचं पटत नसेल तर अधिकार वडिलांचा, असं इब्न कय्यिम सांगतात. पण कुरआनात मरियमचं नाव तिच्या आईने ठेवलंय: ‘मी तिचं नाव मरियम ठेवलं’ (3:36). कुरआनात नावाने आलेली ती एकटी स्त्री, आणि तिचंही नाव आईने दिलेलं. वादाची पाळी न येऊ देणं उत्तम.

पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आसिया नाव जड आहे, पोरगी आजारी पडेल. दोन दिवस तिला थोडी कावीळ होती, त्यामुळे घर हललं. नाव जड किंवा हलकं असण्याची कल्पना इस्लाममध्ये नाही. नाव बदलायचं ते अर्थ वाईट असेल म्हणून, ताप आला म्हणून नाही. हझ्न आणि सुहैलची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली. मुकाट ऐकून घेतली त्यांनी. मग म्हणाल्या, ‘बरं, पण लाडाने काय म्हणायचं?’ म्हणजे पटलं होतं.

लाडाचं नाव चालतं. पैगंबर हजरत आयेशांना ‘या आइश’ अशी तोडून हाक मारायचे. पैगंबरांचे सेवक अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर पोरगेलासा होता, त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो पक्षी मेला आणि मुलगा हिरमुसून बसला, तेव्हा पैगंबर त्याला म्हणाले, ‘या अबा उमैर, मा फअलन नुगैर?’ अरे अबू उमैर, काय केलं रे त्या चिमुकल्या पाखराने? उमैर आणि नुगैर, यमक जुळवून. अबू म्हणजे अमक्याचा बाप. एवढ्याशा पोराला बापाचा किताब. चिडवण्याची, खोड काढण्याची टोपणनावं मात्र कुरआनाने स्पष्ट नाकारली आहेत (49:11).

बापाच्या नावाबद्दल एकच सांगतो. दत्तक किंवा सांभाळलेल्या मुलाच्या नावापुढे जन्मदात्याचं नाव राहतं (33:5). पैगंबरांनी वाढवलेल्या झैद यांना लोक झैद इब्न मुहम्मद म्हणायचे, ते या आयतीनंतर पुन्हा झैद इब्न हारिसा झाले. लग्नानंतर बाईने नाव बदलावं असं धर्म सांगत नाही. आयेशा शेवटपर्यंत अबू बक्र यांची मुलगी म्हणूनच ओळखल्या गेल्या.

सातव्या दिवशी सकाळी भाचीने फोटो पाठवला. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, शेजारी माझं ते पाकीट, त्यावर तिने अरबीत नाव लिहिलेलं: अलिफवर मद, मग सीन. अलिफला लाल पेनने गोल केला होता. संध्याकाळी नवरा जन्मनोंदणीचा अर्ज भरून आला. त्या रकान्यात अलिफची सोय नव्हती, तिथे नुसतं आसिया.